लोकप्रतिनिधींचे कोणते मत लक्षात ठेवावे?

काही हितचिंतकांची एक सूचना वारंवार येते. निवडणूक आली की प्रत्येक पक्ष आदिवासी बांधवांसाठी आपण काय काय केले ते सांगतो. मग आपले खासदार आणि आमदार यांनी आदिवासींच्या प्रश्नांवर सभागृहात प्रत्यक्ष मत कसे दिले, ते या त्रैमासिकात का छापू नये? म्हणजे मंडळीतील प्रत्येकाला आपापला विचार करता येईल.

सूचना रास्त आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तर तिची गरज अधिक. मराठवाड्यात अनुसूचित जमातींसाठी राखीव असा विधानसभेचा एकही मतदारसंघ नाही, लोकसभेचाही नाही. राज्यातील २५ राखीव विधानसभा जागा धुळे, नंदुरबार, नाशिक, पालघर, गडचिरोली अशा भागांत आहेत. परभणीत पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रही नाही; त्यासाठी शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडे जावे लागते. म्हणून पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार जिंतूर तालुक्यातील आंध कुटुंबांना किंवा गावकुसाबाहेरच्या पारधी वस्तीला मिळत नाहीत. त्यांचा आवाज सभागृहात पोचवायचा तर तो सर्वसाधारण मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रतिनिधींमार्फतच. या वस्त्यांच्या मतांवर ज्याची निवडणूक फिरते असा आमदार येथे नाही. अशा प्रतिनिधीने काय केले याची नोंद कोणी तरी ठेवायला हवी, हे आम्हालाही पटते.

परंतु छापायला बसले की पहिली अडचण अशी येते की छापण्यासारखी मते फारशी नसतातच.

आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात आणि विधेयक मंजूर झाल्याचे जाहीर करतात. कोण ओरडले, कोण गप्प राहिले, कोण चहाला गेले होते, याची कुठेही नोंद होत नाही. एखाद्या सदस्याने मतविभाजन मागितले, आपल्या विधानसभेच्या भाषेत ‘पोल’ मागितला, तरच मोजणी होते.

आदिवासींच्या दृष्टीने स्वातंत्र्यानंतरच्या सर्वांत महत्त्वाच्या कायद्यांपैकी एक म्हणजे वनहक्क कायदा. लोकसभेने तो १५ डिसेंबर २००६ रोजी आणि राज्यसभेने १८ डिसेंबर २००६ रोजी मंजूर केला. उघड विरोध जवळजवळ नव्हता. या मतावरून खासदारांची यादी करायला बसलो तर सगळेच आदिवासींचे कैवारी ठरतील. खरा झगडा आधीच्या वर्षभरात झाला होता. १३ डिसेंबर २००५ रोजी मांडलेल्या मूळ विधेयकात २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीपासून जमीन कसणाऱ्यांनाच हक्क मिळणार होता आणि मर्यादा होती अडीच हेक्टर. ते विधेयक किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीकडे गेले आणि चित्र पालटले. कायदा झाला तेव्हा मुदतीची तारीख १३ डिसेंबर २००५ अशी झाली होती, मर्यादा चार हेक्टर झाली होती आणि तीन पिढ्यांपासून वनावर अवलंबून असलेल्या बिगरआदिवासी कुटुंबांनाही त्यात जागा मिळाली होती. १९८० नंतर कसायला घेतलेल्या तुकड्यावर आज ज्या कुटुंबाचा पट्टा आहे, त्याने आभार मानायचे तर त्या समितीच्या खोलीत बसलेल्यांचे मानावेत. अंतिम मतदानाच्या दिवशी ‘होय’ म्हणणे सोपे होते.

याच्या उलट वाटेने गेलेले उदाहरण २०२३ सालचे. वन संवर्धन कायद्यातील दुरुस्तीने कोणत्या जमिनीला वन म्हणावे ही व्याख्या आखडती घेतली आणि आंतरराष्ट्रीय सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतील राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रकल्पांना सूट दिली. २६ जुलै २०२३ रोजी मणिपूरवरून सभागृहात घोषणा चालू असताना लोकसभेने ते विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले. २ ऑगस्टला राज्यसभेनेही. आपल्या खासदाराने त्या दिवशी काय मत दिले, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच: नोंद नाही. येथेही लेखी पुरावा सापडतो तो संयुक्त समितीच्या अहवालात. समितीने विधेयकात काहीही बदल सुचवला नाही, पण काही सदस्यांनी असहमतीची टिपणे लिहून जोडली, आणि ती नावासकट वाचायला मिळतात.

आवाजी मतदान हे नेहमी लपवाछपवीसाठीच असते असे नाही. ज्या गोष्टीवर वाद नाही तिच्यासाठी दर वेळी शेकडो सदस्यांची मोजणी कशाला? पण कधी कधी मोजणी न होण्यातच कोणाची तरी सोय असते. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी महाराष्ट्र विधानसभेत देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. भाजपकडे स्वतःचे बहुमत नव्हते, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता आणि शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती. पोल झाला असता तर कोण कोणाच्या मदतीला धावले ते राज्याने पाहिले असते. शिवसेना आणि काँग्रेसने त्या वेळी मोठा आक्षेप घेतला तो यावरच.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीविषयक विधेयकांवर विरोधी सदस्यांनी मतविभाजन मागितले. उपसभापती हरिवंश यांनी ते दिले नाही. मागणी करणारे सदस्य आपल्या जागेवर नव्हते, हे त्यांचे म्हणणे. मोठा गोंधळ झाला आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्यांत हिंगोलीचे माजी खासदार राजीव सातव होते. १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, तेव्हा त्यांना आपलेच म्हणायला हरकत नाही. त्या दिवशीच्या वर्तनाबद्दल दोन मते असू शकतात. पण मोजणी मागणे आणि मोजणी नाकारणे या दोन्ही गोष्टी मतदानाइतक्याच बोलक्या आहेत, आणि त्या नोंदीत असतात. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर २०२१ रोजी, ते कायदे रद्द करणारे विधेयकही चर्चेविना आवाजी मतदानानेच मंजूर झाले.

मग नावासह मत कुठे मिळते? मुख्यतः घटनादुरुस्तीच्या वेळी. तिला एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताबरोबर उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश मते लागतात, म्हणून मोजणी टाळता येत नाही. यंत्रावर बटण दाबले जाते आणि यादी इतिवृत्तात छापली जाते. (बटण चुकले तर सदस्य चिठ्ठीवर मत दुरुस्त करतात. त्यामुळे त्या दिवशीच्या बातमीतला आकडा आणि अधिकृत आकडा यांत कधी दोन-चारचा फरक दिसतो. छापताना अधिकृत आकडाच घ्यावा.)

पण घटनादुरुस्तीचे मत वाचणे किती अवघड असते ते डिसेंबर २०१९ मध्ये दिसले. एकाच विधेयकात दोन गोष्टी होत्या. लोकसभा आणि विधानसभांतील अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत दहा वर्षांनी वाढवून २५ जानेवारी २०३० पर्यंत नेणे ही एक. ती केली नसती तर जानेवारी २०२० मध्ये या जागा संपल्या असत्या. दुसरी गोष्ट म्हणजे अँग्लो-इंडियन समाजाच्या नामनियुक्त जागांची मुदत न वाढवणे. त्या समाजाचे दोन सदस्य लोकसभेत आणि एक आपल्या विधानसभेत नियुक्त होत असे. लोकसभेत विरोधात एकही मत पडले नाही. आता हे मत कोणत्या रकान्यात लिहायचे? आदिवासींच्या बाजूने, की एका छोट्या ख्रिस्ती समाजाच्या विरोधात? दोन्ही बाजूंच्या मथळ्यांना तेच मत पुरावा म्हणून देता येईल आणि दोन्ही मथळे अर्धवट असतील. आमच्या मते अशा वेळी मताचा आकडा बाजूला ठेवावा आणि त्या चर्चेत कोण काय बोलले ते पाहावे. एका समाजाची जागा जात आहे याबद्दल ज्याने दोन वाक्ये तरी उच्चारली, त्याने काही केले.

२० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. त्या दोन विरोधी मतांपैकी एक मराठवाड्यातील होते, तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे. दुसरे असदुद्दीन ओवैसी यांचे. ‘महिलांच्या विरोधात मत’ असे एका ओळीत छापणे सोपे आहे आणि शब्दशः चूकही नाही. पण त्यांचा आक्षेप होता की या आरक्षणात ओबीसी आणि मुस्लीम महिलांसाठी वेगळा वाटा ठेवलेला नाही. हा आक्षेप पटो अथवा न पटो, तो सांगितल्याशिवाय ते मत छापणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध अर्धी साक्ष देणे. आणि उरलेल्या ४५४ जणांबद्दल ते मत आपल्याला काहीच सांगत नाही.

आता पक्षादेशाचे, म्हणजे व्हिपचे पाहू. १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदी आली. पक्षाने आदेश काढल्यावर सदस्याने त्याविरुद्ध मत दिले, किंवा नुसता तटस्थ राहिला, तरी त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच तो वाचतो. म्हणून आपल्याकडे नावासह नोंदलेले मतही बहुधा पक्षाचे असते, माणसाचे नव्हे. ९ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला लोकसभेत शिवसेनेने पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत त्याच पक्षाने सभात्याग केला. दोन दिवसांत अठरा-वीस माणसांच्या सदसद्विवेकात एकदम बदल झाला असे कोणी म्हणणार नाही. पक्षाचे गणित बदलले. तो हिशेब पक्षाच्या नावावर मांडावा. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात मतविभाजनाच्या नावनिशीवार याद्या १८३६ पासून छापल्या जातात, आणि तेथे पक्षाविरुद्ध मत देणाऱ्याची खासदारकी जात नाही. अमेरिकेत तर काही संस्था दर वर्षी निवडक वीस मतांवरून प्रत्येक सदस्याला गुण देतात. त्यांतल्या एका जुन्या संस्थेच्या हिशेबात गैरहजर राहणाराही विरोधकच धरला जातो, मग तो इस्पितळात का असेना. ती पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणली तर आपण प्रतिनिधीला नव्हे, त्याच्या पक्षाच्या प्रतोदाला गुण देत बसू. दिल्लीची पीआरएस ही संस्था खासदारांची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतील सहभाग नोंदवते, आणि आपल्या परिस्थितीत तेच शहाणपणाचे आहे.

तरीही व्हिपच्या सावलीत माणूस कधी कधी दिसतो. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. विरोधी पक्षांचे बहुतेक सदस्य आक्षेप नोंदवून थांबले. स्पष्ट विरोध केला तो डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनी. डहाणू ही जमातींसाठी राखीव जागा आहे. त्यांच्या पक्षाचा तो एकच आमदार, तेव्हा हा विरोध पक्षाचाही म्हणता येईल. पण भरल्या सभागृहात एकट्याने उभे राहणे म्हणजे काय, ते ज्याने कधी ग्रामसभेत तसे केले आहे त्याला कळेल. विधेयक तुम्हाला योग्य वाटत असले तरी ही नोंद ठेवण्यासारखी आहे.

काही मते अशीही असतात की ती विचारूच नयेत. राष्ट्रपतीपदाचे मतदान गुप्त असते आणि तेथे व्हिप लागू होत नाही. जुलै २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती निवडून आल्या तेव्हा उद्धव ठाकरे यांनी विरोधी आघाडीत असूनही त्यांना पाठिंबा जाहीर केला होता. पक्षाची घोषणा ही सार्वजनिक गोष्ट आहे. कोणा एका खासदाराने आत काय केले, त्याचा तर्क छापणे योग्य नाही.

गाजावाजा आणि महत्त्व यांची सांगड नेहमी बसत नाही, हेही सांगायला हवे. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. धनगर समाजाला अनुसूचित जमातीचे आरक्षण देऊ नये आणि पेसा क्षेत्रातील भरती व्हावी, या त्यांच्या मागण्या होत्या. ती चित्रे घरोघरी पोचली. आदिवासींविषयीच्या एकाही मतदानाला इतकी प्रसिद्धी मिळाल्याचे आठवत नाही, आणि जाळीवर उडी घेतल्याने कायद्याचा स्वल्पविरामही हलत नाही.

हे सगळे पाहून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. विषय आधी निवडायचा, नावे नंतर पाहायची. कोणाचे नाव कोणत्या बाजूला आहे ते कळल्यावर विषय निवडला, तर आपल्याला न आवडणाऱ्या माणसाची लाज काढणारे मत नेमके सापडते आणि आवडत्या माणसाचे सापडत नाही. निवड करताना प्रश्न एकच ठेवायचा: या निर्णयाने जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या एखाद्या वस्तीतील जमीन, दाखला, आश्रमशाळा किंवा मजुरी यांत फरक पडतो का? एकमताने झालेले ठराव सोडून द्यायचे. समितीतील टिपण, मांडलेली उपसूचना, मागितलेला पोल आणि विचारलेला तारांकित प्रश्न यांना अंतिम मतापेक्षा वर जागा द्यायची. आणि ज्याच्याबद्दल छापायचे त्याला आधी पत्र पाठवून कारण विचारायचे. उत्तर आले तर त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत द्यायचे. कोणाला मत द्यावे हे आम्ही लिहिणार नाही. ते धर्मादाय संस्थेचे काम नाही. शिवाय उमेदवाराच्या संमतीने धर्माच्या नावावर मते मागणे हा निवडणुकीतील गैरप्रकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी मुंबईतील एका जुन्या निवडणुकीच्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केले आहे.

मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे अशी मते दिल्लीत किंवा मुंबईत पडत नाहीत, असे आमचे प्रामाणिक मत आहे. वनहक्काचा दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. जिल्हास्तरीय समितीत अधिकाऱ्यांबरोबर जिल्हा परिषदेचे तीन सदस्य नेमण्याची तरतूद आहे. तेथे पक्षाचा व्हिप नसतो. दावा मान्य की अमान्य, हे मूठभर माणसे टेबलाभोवती बसून ठरवतात आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. एखादा सदस्य तोंड उघडून ‘या बाईचा पुरावा पुन्हा पाहा’ म्हणाला तर एका घराला जमीन मिळते. तो बैठकीलाच आला नाही, तर फाईल तशीच पुढे सरकते. त्याची हजेरी आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात असते किंवा असायला हवे. आजवर कोणत्याही निवडणुकीच्या सभेत या इतिवृत्ताबद्दल कोणी प्रश्न विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ग्रामसभेचेही तसेच. नियमाप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि दाव्यांवर ठराव करताना निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी उपस्थित हवेत. रजिस्टरमधील सह्या आणि अंगठे मोजले की कोणता ठराव खरा आणि कोणता घरी बसून लिहिलेला, ते पाच मिनिटांत कळते.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी: लोकसभा आणि राज्यसभेची इतिवृत्ते व समित्यांचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि विधिमंडळाच्या कामकाजाची माहिती विधिमंडळाच्या संकेतस्थळावर. उपविभागीय व जिल्हास्तरीय वनहक्क समितीच्या बैठकांची इतिवृत्ते मागण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, त्या त्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्यावा. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. अर्जात बैठकांचा कालावधी, उपस्थित सदस्यांची यादी आणि अमान्य दाव्यांची कारणे अशा तीन गोष्टी स्वतंत्रपणे मागाव्यात. एकत्र मागितल्या की पहिलीच मिळते. अमान्य झालेल्या दावेदाराला वरच्या समितीकडे जाण्यासाठी साठ दिवस असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या कुटुंबाला निर्णयाचे पत्र कोणत्या तारखेला मिळाले, ते आधी विचारून घ्यावे.